'स्मृतिचित्रे' आणि 'रात्रंदिन आम्हा' : नाशिकच्या दोन आत्मकथनांतील स्त्रीशिक्षणाचा प्रश्न

प्रस्तावना

विकसनशील देशांतील मुलींच्या शिक्षणाविषयीचे लेखन बहुधा अडथळ्यांच्या यादीने सुरू होते. दारिद्र्य, शाळेचे अंतर, बालविवाह, घरकाम, स्वच्छतागृहांचा अभाव, स्त्री शिक्षकांची उणीव ही ती परिचित यादी होय. १९९५ ची बीजिंग येथील जागतिक महिला परिषद, २००० सालची सहस्रक विकास उद्दिष्टे आणि २०१५ मध्ये स्वीकारलेली शाश्वत विकास उद्दिष्टे यांच्याभोवती निर्माण झालेल्या वाङ्मयात ती थोड्याफार फरकाने पुनःपुन्हा आढळते. प्राथमिक व माध्यमिक शिक्षणातील मुलामुलींचे अंतर शक्यतो २००५ पर्यंत संपविण्याचे उद्दिष्ट ठरले होते. ते वर्ष उलटले, उद्दिष्ट पुरे झाले नाही, यादी मात्र तशीच राहिली.

ही यादी खोटी नाही. तथापि तिच्यात अडथळा नेहमी मुलीच्या बाहेर, वाटेत पडलेल्या धोंड्यासारखा कल्पिलेला असतो. धोंडा उचलला की वाट मोकळी झाली, असे तीत गृहीत धरलेले असते. ज्या स्त्रियांनी ही वाट प्रत्यक्ष तुडविली त्यांच्या लेखनात अडथळ्याचे रूप निराळे दिसते. तो घराच्या वीणेतच गुंफलेला असतो आणि पावित्र्य, लाज, प्रेम, कर्तव्य अशा आदरणीय नावांनी वावरतो. म्हणूनच अहवालांच्या जोडीला आत्मकथने वाचणे अगत्याचे ठरते.

प्रस्तुत लेखात लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' आणि शांताबाई दाणी यांचे 'रात्रंदिन आम्हा' ही दोन आत्मकथने या दृष्टीने विचारात घेतली आहेत. दोघींचेही नाशिकशी जन्माचे नाते आहे. दोघींच्या जन्मात सुमारे अर्धशतकाचे अंतर आहे, आणि जातीच्या उतरंडीत त्या दोन टोकांवर उभ्या आहेत. मराठी समीक्षेने पहिल्या ग्रंथाला अभिजात कलाकृतीचा मान दिला व दुसऱ्याला चळवळीचा दस्तऐवज म्हणून बाजूला ठेवले. स्त्रीशिक्षणाचा इतिहास म्हणून मात्र दोहोंकडेही फारसे पाहिले गेले नाही.

'अशिक्षित असूनही'

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळील जलालपूर येथे झाला. माहेरचे आडनाव गोखले. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. शाळेचे शिक्षण मिळालेच नाही. अक्षरओळख झाली ती पुढे पतीच्या प्रोत्साहनाने, घरीच. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागले आणि १९३६ मध्ये नाशिक येथे लेखिकेचे निधन झाले. १९५० मध्ये जोसेफीन इंकस्टर यांनी व २०१७ मध्ये शांता गोखले यांनी या ग्रंथाचे इंग्रजी अनुवाद केले. मराठी आत्मचरित्रांत त्याचे स्थान निर्विवाद आहे, आणि ते बदलण्याचे काही कारण नाही.

आक्षेप आहे तो कौतुकाच्या एका ठरलेल्या पद्धतीला. लक्ष्मीबाई 'अशिक्षित असूनही' इतके सहज, इतके निरागस लिहून गेल्या, असे म्हणण्याची चाल पडून गेली आहे. हे वाक्य वरवर गौरवाचे वाटते. पण त्यातील 'असूनही' या शब्दाने निरक्षरता हा जणू निसर्गदत्त प्रकार ठरतो. त्या अशिक्षित का राहिल्या, हा प्रश्न मग विचारलाच जात नाही. किंबहुना शिक्षण नसणे हेच त्यांच्या शैलीच्या ताजेपणाचे कारण होते, असे सूचित करण्यापर्यंत काही वाचकांची मजल जाते. लेखिका शिकली असती तर मराठी वाचकाचे नुकसान झाले असते, असाच त्याचा अर्थ होतो. एखाद्या पुरुष लेखकाविषयी असे विधान क्वचितच कोणी करील.

हा प्रश्न विचारला की कालक्रम बोलू लागतो. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा १८४८ मध्ये काढली, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या जन्मापूर्वी वीस वर्षे. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांची बदली नाशिकला झाली. त्या काळातील नाशिकचे वर्णन रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या ग्रंथात आले आहे, आणि त्यात मुलींच्या शाळेच्या समारंभाचाही उल्लेख आहे. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांचेही वास्तव्य त्या सुमारास नाशिकलाच होते. म्हणजे गावात मुलींची शाळा होती आणि तिला मान देणारे मोठे अधिकारीही होते; त्याच वेळी गावालगत दहा वर्षांची एक बुद्धिमान मुलगी लग्नाच्या वयाची समजली जात होती. अंतर, इमारत, शिक्षक यांपैकी यादीतील एकही अडथळा येथे निर्णायक नव्हता.

निर्णायक काय होते ते 'स्मृतिचित्रे'च्या आरंभीच येते. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या उठावानंतर फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला. बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू विटाळलेली, ती धुतल्याखेरीज घरात घ्यावयाची नाही, अशा शिस्तीत हे घर चालत होते. वाचकाला या वर्णनात हसू येते व लेखिकेलाही ते अपेक्षित आहे. पण जेथे बाजारातून आलेल्या जिन्नसालाही उंबरठा ओलांडण्यास सायास पडतात, तेथून मुलगी रोज बाहेर जाऊन परत येणे ही कल्पनाच उद्भवत नाही. तिला कोणी मनाई करावी लागत नाही. मनाईचा प्रसंगच न येणे हे या अडथळ्याचे खरे सामर्थ्य आहे. अहवालांच्या प्रश्नावलीत 'मुलीला शाळेत का पाठविले नाही' असे विचारले जाते. त्या घरात या प्रश्नाला उत्तर मिळाले नसते, कारण न पाठविण्याचा निर्णय कोणी कधी घेतलाच नव्हता.

अफगाणिस्तानात २०२१ पासून मुलींच्या माध्यमिक शिक्षणावर आणि २०२२ च्या अखेरीपासून विद्यापीठीय शिक्षणावर सत्ताधाऱ्यांनी उघड बंदी घातली. जगाने तिचा निषेध केला व ते योग्यच होते. आदेश कागदावर असला की त्याचा निषेध तरी करता येतो. जलालपुरात कागद नव्हता.

लक्ष्मीबाईंच्या विनोदाविषयी येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अलीकडील काही स्त्रीवादी वाचनांत त्यांच्या प्रत्येक हास्यामागे दडपलेला आक्रोश शोधण्याचा कल दिसतो. तोही अन्यायच होय. लेखिका आपल्या वडिलांवर आणि पतीवर मनापासून प्रेम करते व त्यांच्या विक्षिप्तपणाचा हिशेबही चोख ठेवते. या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात मावतात, हे तिचे यश आहे. विनोदाचे तक्रारीत भाषांतर केले तर हिशेब उरतो, लेखिका हरवते.

शिकविणारा पती

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात मध्यमवर्गीय स्त्रीच्या शिक्षणाचा एक विशिष्ट मार्ग तयार झाला. पती शिकविणारा आणि पत्नी शिकणारी. रमाबाई रानडे, आनंदीबाई जोशी, लक्ष्मीबाई टिळक ही त्याची ठळक उदाहरणे. सुधारणेच्या इतिहासात या मार्गाचे वर्णन सहसा कृतज्ञतेने केले जाते. त्या पतींचे धैर्य नाकारण्याचे कारण नाही. तरी या व्यवस्थेत शिक्षण हे देणे होते, हक्क नव्हता, आणि देणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे त्याची गती, दिशा व मर्यादा ठरत असे.

रमाबाईंच्या आठवणींत याचा सर्वांत सूक्ष्म दाखला मिळतो. १८७३ मध्ये विवाह झाल्याबरोबर रानड्यांनी त्यांना शिकविण्यास आरंभ केला. पुण्याच्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी त्याला, विशेषतः इंग्रजी शिक्षणाला, कसून विरोध केला. टोमणे, अबोला, हेटाळणी हे सारे रमाबाईंच्या वाट्याला आले. रानड्यांनी त्या स्त्रियांशी उघड वाद घातला नाही. पत्नीला सहनशीलतेचा उपदेश केला. सुधारणेचा विचार पतीचा आणि तिची रोजची किंमत मात्र पत्नीने मोजावयाची, अशी ही श्रमविभागणी होती. रमाबाई हे कोठेही तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत, त्यामुळे ते अधिकच जाणवते. नाशिकला स्वतंत्र बिऱ्हाड झाल्यावर त्यांना मोकळेपणा लाभला. एका बदलीच्या हुकुमाने जे साधले ते उपदेशाने साधले नव्हते, ही गोष्ट शिक्षणाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावी अशी आहे.

विरोध करणाऱ्या त्या स्त्रियांना केवळ सनातनी म्हणून निकालात काढणे सोपे आहे. परंतु ज्या घरात स्त्रीची सारी प्रतिष्ठा स्वयंपाकघरातील ज्येष्ठतेवर उभी असते, तेथे पुस्तक घेऊन माडीवर जाणारी सून ही त्या प्रतिष्ठेला दिलेले आव्हान असते. शिवाय तिने सोडलेले काम दुसऱ्या कोणा स्त्रीच्याच हाती येते. हा प्रश्न आज वेगळ्या घरांत तसाच उभा आहे.

टिळकांचे शिकविणे रानड्यांसारखे नेमाचे नव्हते. ते कवी होते, मनस्वी होते, घर सोडून निघून जाण्याची त्यांची सवय 'स्मृतिचित्रे'त वारंवार येते. अशा माणसाची विद्यार्थिनी होणे म्हणजे शिक्षणाचा आरंभ आणि खंड हे दोन्ही त्याच्या लहरीवर सोपविणे. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतरची सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाई नातलगांच्या आश्रयाने राहिल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही धर्मांतर केले. ग्रंथातील हा भाग बहुधा धर्मांतराची कथा म्हणून वाचला जातो. तो एका प्रौढ स्त्रीच्या शिक्षणाचा वृत्तान्तही आहे. विटाळाविषयीच्या ज्या समजुती तिने वडिलांच्या घरातून आणल्या होत्या त्या तिने याच काळात स्वतः तपासल्या आणि टाकल्या. तो पाठ कोणत्याही शिक्षकाने घेतला नव्हता.

१९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि 'स्मृतिचित्रे' त्यानंतरच लिहिले. लेखिका म्हणून त्यांचे मोठे कार्य शिकविणारा पती नसताना झाले, हे लक्षात घेतले म्हणजे 'टिळकांनी घडविलेल्या लक्ष्मीबाई' हा प्रचलित समज बराच शिथिल करावा लागतो.

आई, वसतिगृह आणि चळवळ

शांताबाई दाणी यांचा जन्म १९१९ चा, नाशिकचाच. त्यांच्या 'रात्रंदिन आम्हा' (१९९०) या आत्मकथनाचे नाव तुकोबांच्या अभंगावरून घेतले आहे. येथे चित्र जवळजवळ उलटे होते. मुलीने शिकावे असा आग्रह धरणारी व्यक्ती पती किंवा पिता नसून कष्टकरी आई आहे. तिला अक्षरांचे प्रत्यक्ष ज्ञान नाही, पण त्यांची किंमत पुरेपूर ठाऊक आहे. उंबरठ्याच्या आत अडकवून ठेवणारे सोवळे या घरात नाही. हे घरच दुसऱ्यांच्या सोवळ्याच्या बाहेर उभे आहे. त्यामुळे मुलगी शाळेत पोहोचते आणि जात तिला तेथेच भेटते.

हा अनुभव नवा नव्हता. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मातंग मुलीने १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात तो मांडला होता. शतकभरानंतरही त्याचा शेवट झाला नव्हता. कुमुद पावडे यांनी 'अंतःस्फोट' (१९८१) मध्ये आपल्या संस्कृत अध्ययनाची कथा सांगितली आहे. पदवी प्राप्त झाली तरी अध्यापनाची नोकरी विवाहानंतर आडनाव बदलल्यावरच मिळाली, हे त्या कथेतील बोचरे सत्य होय. प्रवेश, उत्तीर्णता आणि पदवी या तीनही निकषांवर 'यशस्वी' ठरणारी विद्यार्थिनी चौथ्या ठिकाणी अडते आणि त्याची नोंद कोणत्याही शैक्षणिक आकडेवारीत होत नाही.

२ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये काळाराम मंदिर सत्याग्रहाला आरंभ झाला. त्या वेळी शांताबाई अकरा वर्षांच्या होत्या. याच वयात लक्ष्मीबाईंचे लग्न झाले होते. एकाच गावात, त्याच वयात, एका मुलीसमोर बोहले आले आणि दुसरीच्या समोर सत्याग्रह. या योगायोगात दोन आत्मकथनांमधील अंतर सामावले आहे. शांताबाईंच्या शिक्षणामागे आईच्या जोडीला एक सामूहिक शक्ती उभी राहिली. दादासाहेब गायकवाड यांचे मार्गदर्शन, डॉ. आंबेडकरांची चळवळ, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे कार्य या साऱ्यांत त्यांचे शिक्षण मिसळून गेले. पुढे १९६८ ते १९७४ या काळात त्या विधान परिषदेच्या सदस्य होत्या. मुलींच्या शाळेच्या व वसतिगृहाच्या कामात त्यांनी आयुष्य घातले. त्या अविवाहित राहिल्या. पतीच्या मर्जीचा मार्ग त्यांनी वापरलाच नाही.

वाङ्मयीन दृष्टीने 'रात्रंदिन आम्हा' ही 'स्मृतिचित्रे'च्या तोडीची कलाकृती नाही, हे स्पष्टपणे म्हणावयास हरकत नाही. शब्दांकनाच्या मार्गाने आलेल्या या निवेदनात सार्वजनिक घटनांची दाटी आहे, आणि खाजगी जीवनाबद्दल लेखिका संकोचाने, थोडक्यात बोलते. बालपणाची पाने सजीव आहेत, नंतरची बरीचशी अहवालाच्या वळणावर जातात. पण या उणिवेतही एक अर्थ आहे. ज्या शिक्षणामागे समूह उभा असतो ते शिक्षण 'माझे' म्हणून सांगण्याची सवय त्या स्त्रीला लागत नाही. लक्ष्मीबाईंना स्वतःच्या घरावाचून दुसरे रंगस्थान नव्हते, म्हणून घर इतके उजळून निघाले; शांताबाईंना सभा, मोर्चे, वसतिगृहे होती, म्हणून घर मागे पडले.

नाशिकच्या शैक्षणिक इतिहासात वसतिगृहाचे महत्त्व मोठे आहे. १९१४ मध्ये सुरू झालेल्या उदोजी मराठा बोर्डिंगमधून जिल्ह्यातील बहुजन समाजाच्या शिक्षणाला वळण मिळाले, आणि १९२४ मध्ये हंप्राठा महाविद्यालय सुरू झाल्यावर नाशिकला उच्च शिक्षणाची सोय झाली. खेड्यातील मुलगा शहरात राहू शकला, तो वसतिगृहामुळे. मुलीच्या बाबतीत हीच सोय अधिक मोलाची, कारण वसतिगृहात तिला निवारा तर मिळतोच, शिवाय घरकामापासून सोडवलेला वेळही मिळतो. शांताबाईंच्या कार्याचे मर्म येथे आहे.

योजना आणि वेळेचा प्रश्न

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राने मुलींच्या शिक्षणासाठी योजना आखण्यात कसूर केली, असे म्हणता येणार नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुलींना बारावीपर्यंत शुल्कमाफी मिळाली. २०२४–२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ठराविक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. परिणामही दिसतो. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील स्त्री साक्षरता सुमारे ७६ टक्के, पुरुष साक्षरता सुमारे ८८ टक्के होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) मात्र वीस ते चोवीस वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाल्याचे आढळले. फुल्यांच्या शाळेनंतर पावणेदोन शतकांनी पाचांतील एकीहून अधिक मुलींची ही स्थिती आहे.

१९९२ साली दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती, जमाती व भटक्या समाजांतील प्राथमिक शाळेच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू झाला. दर दिवशी एक रुपया. ही रक्कम पुढे दीर्घकाळ एक रुपयाच राहिली. या योजनेने मुलीचा दिवस मोलाचा असतो हे तत्त्व मान्य केले आणि त्याच वेळी ते मोल हास्यास्पद ठरविले. बांगलादेशाने १९९४ मध्ये ग्रामीण भागातील माध्यमिक शाळेच्या मुलींसाठी देशव्यापी विद्यावेतन सुरू केले. त्याला ठराविक उपस्थिती, किमान गुण आणि अविवाहित राहणे अशा तीन अटी होत्या. त्या योजनेवर टीका झाली आहे आणि विवाह काही काळ लांबला तरी टळत नाही, ही त्यातील मर्यादाही खरी आहे. परंतु विवाह ही शिक्षणाची प्रतिस्पर्धी संस्था आहे, हे तिने आडपडदा न ठेवता मान्य केले. शुल्कमाफी हे मान्य करीत नाही. पतीच्या मर्जीवर चाललेल्या शिक्षणाच्या जागी शासनाच्या मर्जीवर चालणारे शिक्षण आले, एवढाच बदल अनेक योजनांत दिसतो.

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न पाहावयाचा तर सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांकडे वळावे लागते. पावसाळा संपला की येथील कुटुंबे दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीसाठी उतरतात. सोबत गेलेली मुलगी लहान भावंडे सांभाळते, मागे राहिलेली पाणी व घर सांभाळते. दोन्ही प्रकारांत हंगामभर शाळा तुटते. उन्हाळ्यात पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर पाण्यासाठीची पायपीट मुलींच्याच वाट्याला येते. शुल्क माफ असते, पुस्तके मिळतात, शाळाही पाड्याच्या टप्प्यात असते. वेळ मात्र मुलीच्या मालकीचा नसतो. रानड्यांच्या माडीखाली स्वयंपाकघरात जो वाद पेटला होता तोच हा वाद आहे. फक्त तेथे काम वाटून घेणाऱ्या अन्य स्त्रिया होत्या, येथे त्याही बागेत गेलेल्या असतात. राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे, आणि निवासी आश्रमशाळा हे त्याचे मुख्य साधन. आश्रमशाळांतील उणिवांची चर्चा नेहमी होते व ती व्हावी. परंतु मुलीला वेळ मिळवून देणारी दुसरी सार्वत्रिक व्यवस्था या डोंगराळ भागात उभी राहिलेली नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने संसारातून पुन्हा पुस्तकाकडे वळणाऱ्या स्त्रियांसाठी एक दार उघडले. ते लक्ष्मीबाईंच्या वळणाचे दार आहे, लग्नानंतरचे.

अध्यापनातील वाचन

मराठीच्या वर्गात 'स्मृतिचित्रे'तील उतारे शिकविले जातात तेव्हा निवड बहुधा पतिपत्नीमधील गमतीच्या प्रसंगांची होते. विद्यार्थिनी हसतात, परीक्षेत 'विनोदाची वैशिष्ट्ये लिहा' असा प्रश्न येतो, आणि सोवळ्याचे प्रकरण वडिलांच्या विक्षिप्तपणाचा नमुना म्हणून मागे सुटते. 'रात्रंदिन आम्हा' दलित साहित्याच्या वेगळ्या अभ्यासपत्रिकेत, वेगळ्या विद्यार्थ्यांसमोर जाते. दोन ग्रंथ एकाच तासिकेत समोरासमोर ठेवले, तर पहिल्या पिढीतील पदवीच्या विद्यार्थिनीला दोहोंतही आपले घर ओळखता येईल. कोणाच्या मर्जीने शिकत आहोत, आपल्या वाटणीचे काम घरी कोण करीत आहे, हे प्रश्न तिला नवे नसतात. पाठ्यपुस्तकात ते कधी भेटलेले नसतात, एवढेच.

या वाचनाला महाविद्यालयाच्या कार्यालयातही एक पुरवणी आहे. महाविद्यालय सोडल्याच्या दाखल्यावर कारणाचा रकाना असतो, आणि पुढील शिक्षणासाठी जाणारी विद्यार्थिनी तो दाखला आवर्जून घेऊन जाते. द्वितीय वर्षाच्या उन्हाळ्यात लग्न होऊन गेलेली विद्यार्थिनी दाखला मागण्यासाठी सहसा येत नाही. तिचे नाव पुढील वर्षीच्या हजेरीपटावर नसते, आणि कारणाचा रकाना भरण्याची वेळ येत नाही.